हरिओमचं बाळसं

“बाई बाई, काय बाळसं धरलंय गं पोरानं! काय खाऊ घालून राह्यली, मलाबी सांग की!” शेजारच्या साळूबाईने चार वर्षांच्या हरिओमचे गाल दोन्ही हातांनी ओढले.

दारात तांदूळ निवडत बसलेल्या द्वारकाबाईंना नातवाचं कौतुक आवडलं, पण दृष्टीचं भय त्याहून मोठं. “थुक बाई, थुक आधी. कालच मीठ-मोहऱ्या उतरवल्या त्याच्यावरून.”

अर्पिता, त्यांची सून आणि हरिओमची आई, बाजूलाच उभी होती. हरिओमच्या कमरेवरचा चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ ती बघत होती. कणकेत दोरा रुतावा तसा खोल. पोर तर जेवणाचं नाव काढलं की पळत सुटायचं. न खाता अंग भरतं कसं? सकाळी त्याचे डोळे सुजून नुसत्या चिरा उरायच्या. साळूबाई गेल्यावर तिने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला.

“आत्या, हे बाळसं न्हाई. सूज हे ही.”

“तुला तं बाई हरेक गोष्टीत आजार दिसतो. बारीक होतं तव्हा रडली, आता भरलं तर आता बी रड.”

तरी तिने ऐकलं नाही. गावातल्या गावात, बदनापुरातच, डॉक्टरांना दाखवून रक्त-लघवी तपासायला दिली. रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाईलवर आला. अंगद जालन्यातल्या बियाण्यांच्या कंपनीत कामाला. संध्याकाळच्या गाडीने उतरला तो हसतच घरात शिरला.

“किडनी एकदम बराबर हे! क्रिएटिनिन शून्य पॉइंट चार. लहान लेकरांचं एवढंच असतं, मी गाडीत मोबाईलवर पाह्यलं. उगं सगळ्यांचा जीव खाल्ला हिनं.”

द्वारकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. अर्पितालाही त्या ओळीवरच थांबावंसं फार वाटलं. पण बोट आपोआप खाली सरकलं. अल्ब्युमिनपुढे खाली जाणारा बाण. लघवीत प्रोटीन, पुढे अधिकची तीन चिन्हं. शाळेत अधिकचं चिन्ह चांगलं असायचं.

“अहो, खालचं वाचा.”

अंगदने वाचलं. हसू विझलं. “म्हंजे काय गं?”

“मला काय माहीत? उद्या सुट्टी टाका.”

दुसऱ्या दिवशी नवीन जालना भागातल्या मुलांच्या डॉक्टरबाईंनी हरिओमचे पाय दाबून पाहिले, पोट टकटक वाजवून पाहिलं. जालन्याला येताना द्वारकाबाई पिशवीत एक बाटली घेऊन आल्या होत्या. शेतातल्या सराट्याचा, म्हणजे गोखरूचा, काढा. मूत्राला लई गुणाचा, असं त्या वाटभर सांगत होत्या; इथंही ती त्यांनी टेबलावर काढून ठेवली.

“क्रिएटिनिन बरोबर आहे म्हणजे कचरा नीट बाहेर पडतोय, एवढंच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण किडनीच्या जाळीची भोकं मोठी झालीत. रक्तातलं चांगलं प्रोटीन, ते अल्ब्युमिन, लघवीवाटे वाहून चाललंय. म्हणून सूज.”

“म्हंजे चाळणीतून मातीबरोबर दाणे बी गळून राह्यले म्हणा,” द्वारकाबाई हळूच म्हणाल्या.

“अगदी तसंच, आजी.”

द्वारकाबाईंचा चेहरा पडला. जन्मभर सोयाबीन चाळलेल्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही.

“किडनी जाईल का हो याची?” अर्पिताने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

“बहुतेक लेकरं गोळ्यांनी सावरतात. पण आजार परत उलटू शकतो, हे आत्ताच सांगते. मीठ कमी. पापड, लोणचं बंद. जरा ताप आला तरी इकडे आणायचं, मनाने गोळी द्यायची नाही. आणि आजी, ती बाटली सुद्धा नाही.”

“झाडपाल्याचं हे, बाई. त्यानं काय होतं?”

“झाडपाला पण शेवटी किडनीतूनच जातो. ती आधीच थकलीय.”

घरी गोळ्या आणि अळणी वरण सुरू झालं. हरिओम ताट ढकलायचा, द्वारकाबाई आपल्याही ताटात मीठ न घेता त्याच्यासमोर बसायच्या आणि “अहाहा!” म्हणत खोट्या मिटक्या मारायच्या. बाटली त्यांनी मोरीत ओतली, कुणी न सांगता.

रोज सकाळी अर्पिता डॉक्टरबाईंनी शिकवल्याप्रमाणे काचेच्या नळीत त्याची लघवी घ्यायची, चिमट्यात धरून गॅसवर तापवायची, आम्लाचे थेंब सोडायची. रोज नळीत पांढरं गढूळ दाटायचं, ताकासारखं; म्हणजे प्रोटीन अजून जातच होतं. आपलं लेकरू थेंबाथेंबाने वाहून चाललंय, आणि आपण चिमट्यात धरून बघत उभ्या आहोत, असं तिला वाटायचं. गोळ्या लागू पडल्या नाहीत तर? अंगद कामावर निघताना नजर चुकवायचा, “कसं हे?” विचारायची त्याची हिंमत नव्हती.

एका सकाळी थेंब सोडले आणि तिने मान फिरवली. बघवेचना.

“दे इकडं.” द्वारकाबाईंनी चिमटा घेतला, नळी खिडकीतल्या उन्हात धरली. अर्पिताने डोळे मिटून घेतले.

“पोरी, इकडं बघ.” त्यांनी नळीमागे आपलं बोट धरलं होतं. “पल्याड माझं बोट दिसून राह्यलं.”

दिसत होतं. विळ्याने कापल्याचा जुना वण सुद्धा.

अर्पिताने नळी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा पाहिली. द्वारकाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आतल्या खोलीत हरिओम पुन्हा झोपला होता. थोड्या वेळाने तिने नळी स्वच्छ धुतली, आणि उद्यासाठी फडक्यावर उपडी ठेवली.