शुक्रवारचा मासा

कस्तुरी मालवणची, विनय पुण्याचा. लग्न ठरताना विनयच्या आईने एकच गोष्ट स्पष्ट सांगितली होती: आमच्याकडे मासे चालत नाहीत, घरात नाही आणि बाहेरही नाही. कस्तुरीने हो म्हटलं. विनय तिला म्हणाला होता, "मी आयुष्यात कधी मासा तोंडाला लावलेला नाही. सुरुवातीला जड जाईल तुला, मग सवय होते."

लग्नानंतर दोघं इंग्लंडमध्ये मेडनहेडला आली, सासूबाई पुण्यातच राहिल्या. नियम मात्र बरोबर आला. टेस्कोत मासळीच्या काउंटरवरून जाताना कस्तुरी ट्रॉली जरा जोरात ढकलायची.

एकदा तिचे वडील आले. बॅगेत वर्तमानपत्राच्या घड्यांत बांधलेली सुकट आणि सोडे होते. पुडकं सुटलं तसा विनय शांतपणे म्हणाला, "बाबा, इथे कार्पेट वास धरतं. शेजारी कम्प्लेंट करतात. शिवाय आमच्याकडे तत्त्वाचा प्रश्न आहे." बाबांनी वाद घातला नाही. स्वतःच पुडकं उचललं, थंडीत स्लिपर घालून खाली गेले आणि कचऱ्याच्या बिनमध्ये टाकून आले. मग बेसिनपाशी बराच वेळ हात धूत राहिले. राहिले तितके दिवस वरणभात जेवले आणि रोज "छान झालंय गो" म्हणाले. पुढच्या वर्षी ते गेले. कस्तुरी मालवणला पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

२००७च्या उन्हाळ्यात विनयचा टीममेट अर्जुन नोकरी सोडून नागपूरला परत निघाला. निघण्याआधी त्याने दोघांना जेवायला बोलावलं, जवळच्या स्लाऊमधल्या एका छोट्या इंडोनेशियन हॉटेलात. "तिथे फक्त मासे असतात," विनय गाडीत म्हणाला. "आपल्यासाठी भाज्या सांगू. फार वेळ बसायचं नाही."

हॉटेल साधंच होतं. टेबलांवर प्लास्टिकची कापडं, आत कोळशावर मासे भाजत होते. तो वास आला आणि कस्तुरीच्या तोंडाला पाणी सुटलं. अर्जुन आणि त्याची बायको अक्षया आधीच येऊन बसले होते. मालकीणबाई, साठीच्या, हसतमुख, सरळ विनयकडे आल्या.

"मिस्टर विनय, आज फ्रायडे नाही, तरी आलात? नेहमीचाच फिश ना? चिली सॉस जास्त?"

विनय मेन्यू वाचत राहिला. अर्जुन हसला. "अरे, याने तर आम्हाला इथलं वेड लावलं. दर शुक्रवारी टीमला घेऊन येतो. वहिनी, तुम्हाला कधी आणलं नाही?"

कस्तुरीने विनयकडे पाहिलं. शुक्रवारी त्याचा अमेरिकेचा कॉल असायचा. उशिरा यायचा आणि आल्या आल्या आंघोळीला जायचा. कामाचा शीण आहे, असं ती समजायची.

"घरी बोलू," विनय पुटपुटला.

कस्तुरी मालकीणबाईंना म्हणाली, "यांचा नेहमीचा असतो, तोच मला द्या. अख्खा."

"अगं," विनय म्हणाला.

"काय?"

त्याने मेन्यू मिटून ठेवला. अक्षयाने नागपुरातल्या फ्लॅटचा विषय काढला आणि एकटीच बोलत राहिली.

केळीच्या पानावर मासा आला, वर गोडसर काळा सॉस, बाजूला मिरचीची लालभडक चटणी. कस्तुरीने काटेचमचे बाजूला सारले आणि हाताने खायला लागली. कोणाकडे न बघता, भराभरा. चव कळतच नव्हती. बाबांचा साबणाने ओला झालेला हात डोळ्यांपुढे येत होता. आणि अचानक घशात काटा अडकला.

लहानपणी पेडव्यासारखा काटेरी मासा गप्पा मारत खाणारी ती मुलगी, आता टेबलाची कड धरून खोकत होती. विनयने भाताचा गोळा करून तिच्यापुढे धरला. "हा गिळ, न चावता. काटा खाली जातो."

हे त्याला माहीत होतं. तिने त्याचा हात दूर केला, बाथरूममध्ये गेली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकून काटा काढला. जिभेला रक्ताची चव आली.

परतीच्या वाटेवर विनय म्हणाला, "लपवायला नको होतं, मान्य. पण आईला कळलं असतं तर घरात किती वाद झाले असते."

"माझ्या बाबांना तू बिनपर्यंत पाठवलंस."

"मी कुठे पाठवलं? ते स्वतःहून गेले."

कस्तुरीने गाडीची काच खाली केली. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "बरं झालं, एका अर्थी. आता तूही खा. आईला सांगायचं काही कारण नाही."

पुढच्या शुक्रवारी तो दोघांसाठी पार्सल घेऊन आला. तिने आपला डबा उघडला नाही, वरणभात वाढून घेतला. विनयने थोडा आग्रह केला आणि मग तिच्या वाटचाही खाल्ला. त्यानंतर शुक्रवारचा मासा घरीच येऊ लागला. कॉलचा बहाणा संपला, घाईची आंघोळ संपली. कार्पेटला वास धरला, कोणी कम्प्लेंट केली नाही.

दिवाळीत मित्रमंडळी जेवायला आली. कोणीतरी कस्तुरीला कोळंबी वाढायला गेलं. विनयने मध्येच वाढणाऱ्याचा हात धरला आणि कौतुकाने म्हणाला, "तिला नको. मालवणची आहे, पण आमच्याकडे आता तीच पक्की शाकाहारी."

सगळे हसले. कस्तुरी पोळ्या आणायला आत गेली.