चिमणी कुठल्या कप्प्यात?

"चिमणी नावाचं मूल नोंदवलेलं नाही," असं संगणकाने पुन्हा सांगितलं, तेव्हा चिमणी त्याच्या शेजारीच बसून बिस्कीट खात होती.

"मग ही कोण, भूत?" मावशीने विचारलं.

बालवाडी मावशीची, प्रोग्रॅम भाचीचा. मुलाचं नाव टाकलं की त्याला न्यायला येणाऱ्याचा फोटो दिसायला हवा. भाचीचं हे पहिलंवहिलं काम, आणि मावशीने सकाळीच बजावलं होतं, "सुटताना एक जरी पोर अडकलं, तर तुझं खोकं माळ्यावर." आता बालवाडी सुटायला आली होती.

भाचीने डिबगर उघडला. चालता प्रोग्रॅम थांबवून त्याच्या पोटात डोकावायचं ते साधन. हॅशमॅपमध्ये, म्हणजे जिथे मुलं ठेवली होती तिथे, सातही जण ओळीने दिसत होते. चिमणीसुद्धा.

"आहे की!"

"मग नाही कशाला म्हणतोय मेला?"

पण ही मांडणी पाहुण्यांना दाखवायच्या बैठकीच्या खोलीसारखी. भाचीने डिबगरची ती नीटनेटकं दाखवायची सोय बंद केली आणि आत शिरली. तिथे 'साइज', म्हणजे मुलांची एकूण संख्या, सात होता, आणि 'टेबल' म्हणजे सोळा कप्प्यांची रांग. भरलेले कप्पे मात्र सहाच.

"मावशी, एक मूल गेलं!"

"कुठे जातंय? सातही इथे माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटताहेत."

भाचीने एका कप्प्यातला 'नेक्स्ट', म्हणजे मागे कोण आहे ते, उघडला, तर एका ढोल्या पोराच्या मागे एक काडीपैलवान दडलेला. दोघांच्या वाट्याला एकच कप्पा आला होता. सात भरले, भाचीचा जीव भांड्यात पडला. चिमणीही एका कप्प्यात समोरच दिसत होती. विचारलं की मात्र नाही.

इतक्यात खऱ्या चिमणीने भोकाड पसरलं. ती निळ्या फळीपुढे उभी होती. "माझे बूट नाहीत!"

"अगं, सकाळी लहान गटात होतीस, तेव्हा लाल फळीवर काढलेस ना? दुपारी मी तुला मोठ्या गटात घातलं, म्हणून बूट काय आपणहून चालत येतील?"

भाचीचा हात थांबला. कप्पा कुठला, हे तिने नाव आणि गट मिळून ठरवलं होतं. सकाळच्या गटाप्रमाणे चिमणी एका कप्प्यात बसली. दुपारी गट बदलला, पण तिला कोणी उठवलं नाही. आता प्रोग्रॅम नव्या गटाच्या कप्प्यात बघत होता आणि हात हलवत परत येत होता. नोंदीतला 'हॅश', म्हणजे कप्पा ठरवणारा आकडा, सकाळचा, चिमणीचा आताचा वेगळा.

"मावशी, हुशार आहेस गं!"

"माहीत आहे मला. तिचे बूट दे आधी."

भाचीने गट काढून टाकला. प्रवेशाच्या वेळी मिळालेला, कधीच न बदलणारा क्रमांक त्या जागी घातला आणि प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. तेवढ्यात दाराशी चिमणीचे आजोबा आले. भाचीने चिमणीचं नाव टाकताच पडद्यावर त्यांचा फोटो झळकला.

मावशीने फोटो पाहिला, आजोबांना पाहिलं. फोटोत झुपकेदार मिशी, दारात गुळगुळीत ओठ.

"सकाळीच काढली," आजोबा लाजून म्हणाले.

"आजोबा!" म्हणत चिमणी त्यांच्या पायांना बिलगली.

मावशी भाचीकडे वळली. "मिशीवरून तर कप्पा ठरवत नाहीस ना?"

"नाही गं!"

"मग राहू दे खोकं खाली."