दोन डाव्या बाह्या

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, पायानं चालवायची. मित्रांनो, माझ्या वयाच्या वस्तू बोलायला लागल्या की आधी एक मोठा उसासा टाकतात. मी टाकणार नाही. मला भांडायचं आहे, आणि भांडणात उसासे चालत नाहीत. या कोपऱ्यात बसून मी इतकी वर्षं माणसं पाहिली आहेत, की कोणाच्या नावावर काय जमा आणि काय खर्च, हे मला तोंडपाठ आहे.

माझा जन्म कारखान्यातला. ओतीव लोखंडाचं अंग, वर काळा रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. तपासणाऱ्या माणसानं माझ्या सुईखाली एक चिंधी सरकवली, टाका निरखला आणि मला पास केलं. माझं शिक्षण तेवढंच. मग ज्यांनी हे शिंप्याचं दुकान थाटलं, त्या, आताच्या मालकांच्या वडिलांनी मला इथे आणलं. खाली दुकान, वर बिऱ्हाड. वडिलांच्या हाताखाली मी कोट शिवले, पँटी शिवल्या, शाळेचे गणवेश तर इतके, की सगळं जग एकाच रंगाचं आहे असं मला वाटायचं. गिऱ्हाईक वाकून बघायचं आणि म्हणायचं, "काय बारीक टाका आहे हो!" वडील म्हणायचे, "मशीनचा आहे, माझा नाही." असा मालक मला पुन्हा मिळाला नाही.

वडील गेल्यावर दुकान दोघा भावंडांकडे आलं. थोरला गल्ल्यावर बसतो, मापं लिहून घेतो आणि पाळता येणार नाहीत अशा तारखा देतो. धाकटी, त्याची बहीण, कापड कापते. आमच्या धंद्यात कापणाऱ्याचा मान मोठा, कारण शिवण चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर काहीच करता येत नाही. मोठी कात्री ज्याच्या हातात, तो दुकानाचा खरा मालक, मग गल्ल्यावर कोणीही बसो.

धाकटीचा हात थेट वडिलांचा. पण तिचं काम पुरं व्हायचं नाही. एकाची कॉलर कापताना तिला दुसऱ्याच्या खिशाची युक्ती सुचायची. खिसा मांडताना आठवायचं की वर गॅसवर दूध आहे. दूध बघायला जिना चढली की सैल झालेला कठडा दिसायचा, आणि ती पाना शोधायला निघायची. संध्याकाळी हिशेब काय, तर एक कॉलर, एक खिसा, करपलेल्या दुधाचा वास आणि तसाच सैल कठडा. आळशी म्हणाल तर मुळीच नाही. नुसती बसलेली मी तिला कधी पाहिलीच नाही.

घरात तिला नाव पडलं, अर्धवट. या शब्दाची गंमत बघा. काम अपुरं राहिलं तर ते अर्धवट, आणि माणसाच्या डोक्यात काही कमी आहे असं म्हणायचं असलं तरी तो अर्धवट. एका दगडात काम आणि कामकरी दोन्ही गारद. थोरला म्हणायचा, "ए अर्धवट, ती पँट झाली का?" आई म्हणायची, "लग्नसुद्धा अर्धवट टाकून आली." गिऱ्हाईक हसायचं. धाकटीही हसायची. हसणं तिला सगळ्यांत आधी पूर्ण करता यायचं.

मधल्या काळात थोरल्यानं विजेवरची मशीन आणली आणि मला भंगारात द्यायचं ठरवलं. माझ्यावर इस्त्रीचे कपडे साठले, मग डबे, मग तुटकी छत्री. धाकटी आडवी आली. "पाय हलला की माझं डोकं जागेवर बसतं," ती म्हणाली. "ती नवी नुसती घुर्र करते आणि मी खिडकीबाहेर जाते." घरच्यांनी हेही अर्धवटपणातच जमा केलं. पण तिचा पाय माझ्या पायपट्टीवर असतो. ती खरं बोलत होती, हे मला ठाऊक होतं.

मग बँडमास्तरांचा लाल कोट शिवायला आला. मोठ्या बागेत दर रविवारी बँड वाजतो, त्याचे हे प्रमुख. माणूस उंच, आवाज त्याहून उंच. त्यांची अट एकच, बँडसमोर हात वर केला की कोट कानापर्यंत चढता कामा नये. धाकटीनं बाहीला काखेत असा घेर दिला की थोरल्याचीही भुवई वर गेली. आता बाही कापताना कागदाचा साचा एकदा सुलटा ठेवायचा असतो, एकदा उलटा. तेव्हा एक डावी निघते, एक उजवी. एक बाही झाली, तेवढ्यात शेजारची फुलवाली दारातून काहीतरी सांगायला लागली. धाकटीनं ऐकलं, हसली, आणि साचा उलटायचा राहून गेला. दोन्ही बाह्या डाव्या. कापड संपलेलं, आणि त्या लाल रंगाचं दुसरं बाजारात नाही.

बँडमास्तरांनी दोन्ही बाह्या हातात धरून नीट पाहिल्या. "बाही उत्तम आहे," ते म्हणाले. "तक्रार एवढीच, की मला उजवा हातही आहे."

ते गेल्यावर थोरला फुटला. मोठी कात्री त्यानं खणात टाकली आणि खणाला कुलूप घातलं. "आजपासून तू काज-बटण कर. कापायचं मी बघतो. आणि जाऊन डोकं तपासून घे एकदा!"

हा टोमणा होता. धाकटीनं तो सल्ला म्हणून घेतला आणि खरोखर डोकं तपासून घ्यायला गेली.

डॉक्टरीणबाईंनी बरंच विचारलं. लहानपणीचं सांगायला आईलाही बोलावलं. तो सगळा प्रसंग धाकटीनं नंतर दुकानात नक्कल करून दाखवला. आई म्हणे ताठ बसली होती. "माझ्या मुलीला काही झालेलं नाही. अगदी शहाणी होती हो. फक्त दप्तर शाळेत विसरायची. आणि शाळा सुटली की घर विसरायची. जेवायला एका जागी कधी बसली नाही. एकदा आंघोळीला गेली आणि अर्ध्या अंगाला साबण लावून बाहेर आली, का तर मांजर ओरडलं. बाकी काही नाही." डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, त्यांचं पेन थांबेना.

निदान झालं, एडीएचडी. म्हणजे लक्ष नसतं असं नाही. लक्ष भरपूर असतं, पण हाक मारली की येत नाही आणि नको तिथे जाऊन बसतं. हे तिला लहानपणापासूनच होतं, चाळिशीत फक्त त्याचं नाव कळलं. वजन, नाडी, रक्तदाब सगळं बघून त्यांनी रोज सकाळी घ्यायची गोळी लिहून दिली, सुरुवातीला कमी ताकदीची, आणि पंधरवड्यानं परत बोलावलं.

घर ढवळून निघालं.

"वर जाऊन घेत जा गं," आई म्हणाली. "गिऱ्हाईक बघेल."

"म्हणजे काम गोळी करणार आणि नाव हिचं होणार," थोरला म्हणाला. "आणि सवय लागली म्हणजे?"

"डॉक्टरांचं लक्ष आहे त्यावर. आणि दादा, तू चहा प्यायल्याशिवाय शटर तरी उघडतोस का?"

"चहाची गोष्ट वेगळी."

"का? तो तुझा आहे म्हणून?"

वहिनीनं हळूच विचारलं, "मलाही दे ना एक. कपाट आवरायचंय."

"नाही वहिनी. ही माझ्या मापानं बेतली आहे. तुम्हाला घट्ट होईल."

मित्रांनो, इथे मला राहवेना. थोरला मला दर आठवड्याला तेल घालतो. कोणी त्याला म्हटलं नाही, की हे किती दिवस चालणार, तिनं जरा मनावर घ्यावं आणि कोरडंच फिरावं. गोळी म्हणजे तेल नव्हे, हे मला कळतं. माझं डोकं लोखंडाचं आहे आणि औषधातलं मला काही समजत नाही. पण लाजेतलं समजतं. मशीनला तेल घातलं तर ती निगा, आणि माणसानं गोळी घेतली तर ती वर जाऊन, दार लावून! हा कुठला हिशेब?

आता खोटं कशाला सांगू, सुरुवातीला फजिती झाली. पहिल्या सकाळी गोळी घेऊन ती माझ्याशेजारी बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पंखा कोणी बंद केला?" पंखा फिरत होता. बाहेर हॉर्न वाजत होते. "वहिनी, तुमच्या डोक्यात नेहमी एवढं शांत असतं?" वहिनीला प्रश्नच कळला नाही. त्या शांततेत धाकटीसमोर बटणांचा डबा होता. तिनं बटणं रंगाप्रमाणे लावली. मग आकाराप्रमाणे. मग दोन छिद्रांची वेगळी, चार छिद्रांची वेगळी. दुपार झाली तरी काज एकही पडलं नव्हतं. थोरल्याला कोण आनंद! "बघा औषधाचा गुण!" त्यात तिचं तोंड कोरडं पडलं, जेवण नकोसं झालं आणि संध्याकाळी औषध उतरताना ती सगळ्यांवर खेकसली. "गोळीनं हिची भूकच खाल्ली," आई म्हणाली.

धाकटीनं हे काही लपवलं नाही, डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मात्रा बदलली आणि पोटभर खाऊनच गोळी घ्यायची ताकीद दिली. एक गोष्ट मात्र ती स्वतःच शिकली. गोळी लक्ष आणून देते, पण ते कुठे ठेवायचं हे सांगत नाही. म्हणून ती आधी करायचं काम समोर मांडायची, बटणांचा डबा नजरेआड करायची आणि मग गोळी घ्यायची. काजं ओळीत पडायला लागली. थोरला ती मोजून घ्यायचा. कात्री खणातच होती.

एका सकाळी शटर वर जातं न जातं तोच बँडमास्तर दारात. काखेत कागदात गुंडाळलेलं लाल कापड. "गोदामात शेवटचा तुकडा सापडला. रंग एक छटा गडद आहे, तेव्हा दोन्ही बाह्या यातूनच काढा," ते म्हणाले. "याच्यानंतर नाही. कोण कापणार?"

"मी," थोरला म्हणाला.

"मी," धाकटी म्हणाली.

थोरल्यानं हसण्यावारी न्यायचं ठरवलं. "तिचं मनावर घेऊ नका, मास्तर. तिला डोक्याच्या गोळ्या चालू आहेत."

झालं, मला वाटलं. आता ही नेहमीसारखी हसणार. ती हसली नाही. तिनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली आणि गल्ल्यावर, थोरल्याच्या नाकासमोर ठेवली. "हो, चालू आहेत. आजची अजून घ्यायची आहे."

बँडमास्तरांनी वाकून पट्टी पाहिली. "हिनं झोप येते का?"

"उलट. जाग येते."

"मग आमच्या क्लॅरिनेटवाल्याला द्या की दोन."

"त्यांना त्यांच्या डॉक्टरकडे पाठवा," धाकटी म्हणाली आणि हात पुढे केला. "दादा, खणाची किल्ली."

"आणि पुन्हा दोन डाव्या निघाल्या तर?"

"तर जन्मभर काज-बटण करीन, तोंडातून ब्र काढणार नाही. पण एक डावी आणि एक उजवी निघाली, तर अर्धवट हा शब्द या दुकानात कपड्यालाच लावायचा. मला नाही."

बँडमास्तरांनी स्टूल ओढलं. "चालू द्या तुमचं. कापड माझं आहे, पण भांडण चांगलं आहे."

आई जिन्यात उभी होती. तिनं गल्ल्यावरची पट्टी पाहिली, गिऱ्हाईक पाहिलं आणि पाठ फिरवून वर गेली. धाकटीचा हात अजून तसाच पुढे होता. मग आई खाली आली ती ताटली घेऊन, आणि ती तिनं सगळ्यांच्या देखत पट्टीशेजारी आदळली. "आधी खा. रिकाम्या पोटी घ्यायची नाही म्हणून सांगितलंय ना?" मग थोरल्याकडे वळली. "आणि तू काय बघत बसलायस? दे ती किल्ली!"

धाकटीनं खाल्लं. गिऱ्हाइकासमोर, भर दुकानात, पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतली. औषध लागू पडेपर्यंत तिनं टेबल मोकळं केलं, मोबाइल वहिनीकडे दिला, लाल कापड अंथरलं आणि साच्याच्या एका अंगाला खडूनं 'डा' लिहिलं, दुसऱ्या अंगाला 'उ'. मग थोरल्यानं दिलेल्या किल्लीनं खण उघडला आणि कात्री उचलली. एक बाही झाली. तेवढ्यात फुलवाली दारात आली. "अगं, ऐकलंस का?"

"दुपारी ऐकते," धाकटी मान वर न करता म्हणाली, आणि साचा उलटला.

थोरला उठून आला. त्यानं दोन्ही बाह्या समोरासमोर ठेवल्या, मग स्वतःच्या हातांवर धरून बघितल्या. एक डावी. एक उजवी. त्यानं पुन्हा धरून बघितल्या. मग धाकटी माझ्यासमोर बसली, पाय ठेवला, आणि आम्ही निघालो. मला कोणी विचारत नाही, तरी सांगते, त्या शिवणीत माझा एक टाका सुटला नाही.

कोट तयार झाला तेव्हा बँडमास्तर आरशासमोर उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात वर नेले. कोट जागचा हलला नाही. मग त्यांनी हात असे काही झटकन खाली आणले, की थोरला नकळत ताठ उभा राहिला.

त्यानं माफी मागितली नाही. ती त्याच्या स्वभावात नाही. बराच वेळ घसा खाकरून तो म्हणाला, "मग आता काज-बटण कोण करणार?"

"तू," धाकटी म्हणाली.

करतो बिचारा. त्याची काजं जरा वाकडी पडतात, पण शिकेल. परवा एका कोटाकडे बोट दाखवून म्हणाला, "अर्धवट राहिलाय," आणि लगेच घाईनं म्हणाला, "कोट! कोट म्हणतोय मी!" धाकटी अजूनही कानामागे खडू ठेवून दुकानभर खडू शोधते. दूध अधूनमधून उतू जातंच. गोळीनं तिची दुसरी बाई केलेली नाही, आणि तशी गरजही नव्हती. होती तीच आता कात्रीपर्यंत पोचते.

मित्रांनो, शेवटी माझ्यासारख्यांनी हात जोडून काहीतरी विनवायचं असतं. मला हात नाहीत, म्हणून सरळच सांगते. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कोणाला असं नाव पडलं असेल, तर ते आजपासून तोंडात आणू नका. कोणी डॉक्टरांनी दिलेली गोळी घेत असेल, तर 'अजून किती दिवस?' म्हणून विचारू नका. पाण्याचा पेला पुढे करा आणि बाजूला व्हा. आणि आमच्या धाकटीचं माप काढायला कोणी या दुकानात येणार असेल, तर त्यानं नीट ऐकून यावं. इथे मापं ती काढते. सरळ उभे राहा, हात वर करा, आणि गप्प बसा. ती मोजते आहे.