पडद्याचा दांडा

धाकटा शर्यतीत शेवटून पहिला आला. पण ते घडलंच नाही असं समजून आपण सकाळपासून सुरुवात करू.

सकाळी तो थोरल्या भावावर जाम खूश होता. धाकट्याने हौसेने आणलेला स्ट्रट बार या गॅरेज चालवणाऱ्या दादाने स्वतःच्या हाताने बसवला होता. वळणावर गाडीचा सांगाडा पिळवटू नये म्हणून बॉनेटखाली आडवा बसवतात तो दांडा. दांडा लाल होता, चकचकीत होता. धाकटा भरून पावला. शर्यतीत दादाही उतरला होता, तरी पाठीवर थाप मारून म्हणाला, "बिनधास्त वळव रे!"

धाकट्याने बिनधास्त वळवलं. गाडी ओल्या फडक्यासारखी पिळली. दादा मात्र तेच वळण रुळावरून गेल्यासारखा घेऊन पुढे निघून गेला.

शर्यत कशीबशी संपवून धाकट्याने बॉनेट उघडलं. दांडा मधोमध वाकला होता आणि त्याला पडद्याची एक कडी अजून लटकत होती. आईच्या खोलीतला पडदा आठवडाभर खिळ्यांवर का लोंबतोय, ते आत्ता कळलं.

"दादा, माझा बार तुझ्या गाडीत?"

"अरे, थोरल्याचा मान आधी," दादा चषक पुसत म्हणाला. "रंग तर तुझ्या आवडीचा दिला ना?"

हरण्यापेक्षा ती पाठीवरची थाप धाकट्याला जास्त झोंबली. त्याने तिथल्या तिथे स्पर्धा समितीकडे अर्ज केला: 'सदर कुटुंबातील जन्मक्रमाची फेरतपासणी करून अर्जदारास पूर्वलक्षी प्रभावाने थोरला भाऊ घोषित करण्यात यावे, ही नम्र विनंती.'