दोन हिरव्या ठिपक्यांची थाळी

नानासाहेबांचा उजवा गुडघा सगळ्या कॉलनीला माहीत होता. ते जलसंपदा खात्यातून निवृत्त झाल्यावर तो एकदा खरोखरच दुखला, आठवडाभर शेकावा लागला आणि मग बरा झाला. पण बरा झाल्याची बातमी नानासाहेबांनी घरात दिलीच नाही. त्या आठवड्यात त्यांना एक शोध लागला होता, की दुखरा गुडघा फार कामाचा असतो. भाजीबाजाराला जावं लागत नाही. लग्नात जेवणाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, कुणीतरी ताट हातात आणून देतं. आणि संध्याकाळी बायको, द्वारकाबाई, चपला घालता घालता म्हणाल्या, "चला, जरा चक्कर मारून येऊ," की गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं म्हणजे भागतं.

द्वारकाबाई थोडा वेळ दारात थांबायच्या आणि मग एकट्याच जायच्या.

असं सगळं सुरळीत चाललं असताना सुदर्शन कॉलनीत परत आला. चार बंगले सोडून राहणारा हा मुलगा नोकरी पुण्याच्या कंपनीत करायचा, पण घरी बसून. मधे कंपनीनं त्याला परदेशी पाठवलं होतं आणि तिकडून तो डिस्क गोल्फचं वेड घेऊन आला. खेळ तसा सोपा. गोल्फच, पण काठी आणि चेंडू नाही. हातानं प्लॅस्टिकची थाळी फेकायची. जमिनीत भोक नाही. खांबावर लोखंडी टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. थाळी साखळ्यांना धडकून टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे निघायचं. कमीत कमी फेकींत सगळ्या टोपल्या उरकेल तो जिंकला.

कॉलनीच्या मागे शहरालगतच्या सातारा डोंगराच्या बाजूला मोठी मोकळी जागा पडून होती. बाभळी, दोन-चार कडुनिंब, मधून एक कोरडा नाला आणि दारूच्या रिकाम्या बाटल्या. सुदर्शननं सोसायटीकडून ती मागून घेतली. वाळूजच्या एका वेल्डिंगवाल्याकडून कूलरच्या जुन्या जाळ्यांच्या टोपल्या करून घेतल्या. साखळ्या गंगापूरच्या बाजारातून आणल्या, म्हशी बांधायच्या. त्यामुळे थाळी टोपलीत पडली की गोठ्यात म्हैस उठल्यासारखा आवाज व्हायचा. सुदर्शन सगळ्यांना डिस्क गोल्फ, डिस्क गोल्फ म्हणून सांगत राहिला आणि कॉलनी त्याला थाळीफेक म्हणत राहिली.

मैदानात खोडी कमी नव्हत्या. सावली औषधाला नाही, म्हणून एप्रिलात सकाळी आठच्या पुढे उभं राहवत नाही. डोंगरावरून वारं सुटलं की थाळी आपल्या मनानं जाते. बाभळीत गेली तर काढताना हात सोलून निघतात, आणि नाल्यात गेली तर तिथलं काळं कुत्रं ती तोंडात धरून थेट बायपासच्या दिशेनं पळतं. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी धरते, की माणूस घरी येईपर्यंत दोन इंच उंच झालेला असतो. पण फी नाही, गणवेश नाही, वयाची अट नाही. पंचसुद्धा नाही, आपली चूक आपणच सांगायची, असा नियम. बाटल्या गेल्या, पोरांच्या हातातले मोबाईल तासभर का होईना खिशात गेले. आणि साखळ्यांचा तो खळ्ळकन आवाज, तो एकदा आपल्या हातून झाला की माणूस वाया गेला म्हणून समजावं.

नानासाहेब असेच वाया गेले. एका सकाळी ते बाकावर पेपर वाचत बसले होते. थाळी पायाशी येऊन पडली. "काका, टाका की इकडं!" सुदर्शन ओरडला. नानासाहेबांनी बसल्या बसल्या मनगट फिरवून ती टाकली आणि ती दुसऱ्या टोपलीत जाऊन पडली. खळ्ळ! आयुष्यभर कालव्यांच्या फायलींवर सह्या केलेल्या माणसाला असा आवाज कधी मिळाला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते पेपर घरी विसरून गेले, मुद्दाम.

आता रोज पहाटे ते काठी टेकत, लंगडत घरातून निघत. वळण ओलांडलं की काठी कडुनिंबाच्या फांदीला अडकवत आणि तरुण माणसासारखे उतारावरून खाली जात. सुदर्शननं सांगितलं, "काका, थाळीच्या मागं नाव आणि मोबाईल नंबर लिहा. हरवली तर लोक परत करतात." नाव कसं लिहिणार? घरी कळलं तर गुडघ्याचं बिंग फुटणार. आणि न लिहावं तर सगळ्या थाळ्या एकसारख्या नारिंगी. मग नानासाहेबांनी डोकं चालवलं. जिन्याखाली ऑइलपेंटचा जुना डबा होता. त्यात काडी बुडवून थाळीच्या मागे शेजारी शेजारी दोन हिरवे ठिपके दिले. झाली ओळख. आपल्या हुशारीवर ते इतके खूश झाले, की त्या दिवशी दोन वेळा चहा मागितला.

हे ठिपके आपल्याला सुचले कसे, एवढा विचार मात्र त्यांनी केला नाही.

मग आला कुरडयांचा मोसम. गच्च्यांवर सोलर बसल्यापासून कॉलनीतल्या बायका मोकळ्या जागेच्या कडेला, कुंपणाच्या भिंतीजवळ खाटा टाकून वाळवण घालत. सातवी टोपली नेमकी त्याच अंगाला होती. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक द्वारकाबाईंनी पहाटे उठून शिजवला, सोऱ्यातून खाटभर कुरडया घातल्या आणि चहा ठेवायला त्या घरात गेल्या. तेवढ्यात नानासाहेबांनी सातव्या टोपलीवर नेम धरला. फेक झकास होती. पण डोंगराकडून वारं आलं, थाळी वर उचलली गेली, भिंतीकडे वळली आणि ओल्या कुरडयांमधून सरळ रेघ मारत खाटेच्या पायथ्याशी जाऊन थांबली.

नानासाहेब कडुनिंबामागे लपले. द्वारकाबाई बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून खाटेकडे बघत राहिल्या, थाळी उचलली आणि घरात गेल्या. "जा ना काका, सांगा," सुदर्शन हळूच म्हणाला. "काकू काय खाणारेत का तुम्हाला?"

"तुला काय माहीत," नानासाहेब म्हणाले.

गोष्ट तिथं संपली असती, पण ती सेक्रेटरी बद्रीनाथरावांच्या कानावर गेली. थाळी लागून त्यांच्या गाडीचा आरसा फुटला होता, तेव्हापासून ते संधीच बघत होते. त्यांनी रविवारी संध्याकाळी गणपतीच्या शेडमध्ये सभा लावली. विषय एकच, थाळीफेक ठेवायची का उपटायची. अध्यक्ष नानासाहेबच होते.

बद्रीनाथरावांनी आरशापासून सुरुवात केली. सकाळी फिरणाऱ्यांच्या डोक्यावरून थाळ्या जातात, बाहेरची पोरं येऊन गेटसमोर गाड्या लावतात, असं सगळं सांगून ते शेवटी म्हणाले, "आणि आता तर आमच्या अध्यक्षांच्या घरच्या कुरडयासुद्धा सोडल्या नाहीत! एवढा कष्टाचा माल खल्लास! हे सगळं ह्या सुदर्शनमुळं. ह्यानं काकूंची माफी तरी मागितली का?"

सुदर्शन खाली मान घालून बसला होता. त्यानं एकदाही नानासाहेबांकडे बघितलं नाही. नानासाहेबांना त्या न बघण्याचीच लाज वाटली. आपल्या पापाचं ओझं दुसऱ्याचं पोरगं वाहतंय आणि आपण अध्यक्षाच्या खुर्चीत पंख्याखाली बसलोय. बोललो तर घरातला मान गेला. नाही बोललो तर उद्यापासून पहाट गेली. शेवटी त्यांनी मतं मागवली.

हात वर झाले. ठेवायची म्हणणारे आणि उपटायची म्हणणारे अगदी सारखे निघाले. अध्यक्ष सोडले तर एकट्या द्वारकाबाईंनी कुठल्याच बाजूनं हात वर केला नव्हता. सगळे त्यांच्याकडे वळले. त्या काय म्हणणार हे उघड होतं. बद्रीनाथराव तर आभार मानायला उठलेसुद्धा.

"बसा भाऊ," द्वारकाबाई म्हणाल्या. "कुरडया मोडल्या त्याचं मला काय नाय. मोडक्या काय, अख्ख्या काय, तेलात पडल्या की फुलतातच. पण थाळी न्यायला कुणी आलं नाय, ह्याचं लई वाईट वाटलं." त्यांनी पिशवीतून नारिंगी थाळी काढून मांडीवर ठेवली. "इतके दिवस दह्याच्या पातेल्यावर झाकण म्हणून वापरली. ज्याची असंल त्यानं पुढं येऊन घेऊन जावी. मग मी हात कुणीकडून वर करायचा ते सांगते."

सुदर्शन उठला. "काकू, माझीच आहे. चुकलं माझं."

"तुझी नाय रे बाळा," असं म्हणून त्यांनी थाळी पालथी केली.

दोन हिरवे ठिपके शेजारी शेजारी. नानासाहेबांच्या घरातल्या प्रत्येक पातेल्याच्या, परातीच्या, तांब्याच्या बुडाला तेच दोन हिरवे ठिपके होते. लग्नकार्यात भांडी दुसऱ्यांच्या भांड्यांत मिसळू नयेत म्हणून द्वारकाबाई स्वतः ते देत आल्या होत्या, त्याच डब्यातून, तशाच काडीनं. म्हणजे ज्या सकाळी थाळी उचलली, त्याच सकाळी तिला सगळं कळलं होतं. आणि त्यानंतरही ती रोज संध्याकाळी दारात थांबून विचारत होती, "येता का चक्कर मारायला?" आणि आपण रोज गुडघ्यावर हात ठेवत होतो.

नानासाहेब उठले. खुर्चीच्या हाताला धरलं नाही, काठी घेतली नाही. सगळ्या सभेसमोर सरळ चालत बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

"माझी आहे," ते म्हणाले. "कुरडया मी मोडल्या. सुदर्शनचा काही संबंध नाही."

शेडमध्ये असा हशा उसळला की बद्रीनाथरावांनाही हसू आवरेना. द्वारकाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वर बघून विचारलं, "गुडघा कसाय?"

"बराय," नानासाहेब म्हणाले.

"कधीपासून?"

"लई दिवस झाले."

द्वारकाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "तुम्ही खेळता ह्याचं मला बरंच वाटतंय हो. सकाळचं दीड तास घर कसं शांत असतं! शुगर उतरली, रात्री झोपता. पण मला वाटायचं, ह्यांना माझ्याबरोबर चालायचाच कंटाळा आलाय."

नानासाहेब तिथंच, तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला हे जमत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि थाळी धरलेला हात वर केला. "ठेवायची. पण सातवी टोपली भिंतीपासून हलवा. आणि भाऊंचा आरसा आमचे हे भरून देतील." बद्रीनाथरावांनी दोन्ही मुद्दे ताबडतोब लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्वारकाबाई चपला घालायला दारात आल्या, तर नानासाहेब आधीच बाहेर उभे होते. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात नवी कोरी नारिंगी थाळी. "सुदर्शननं तुझ्यासाठी दिली," ते म्हणाले. "जाता जाता एक फेक टाकून बघ."

द्वारकाबाईंनी थाळी उलटून पाहिली. मागे दोन हिरवे ठिपके, रंग अजून ओला.

"अहो, तेच ठिपके परत? मग तुमची कुठली अन् माझी कुठली, ओळखायची कशी?"

"कशाला ओळखायची?" नानासाहेब म्हणाले. "एकाच घरात यायच्यात दोन्ही."