पाण्याचाच आवाज

"हे गाणं आधी काढ," शिट्टीबाई लॅपटॉपला म्हणाल्या. "कुणी गेलंय का?"

पडद्यावरच्या एका चौकोनात बसलेला कीबोर्डवाला दचकला. तो ऑर्केस्ट्रात वाजवायचा. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, घरात शाळेत जाणाऱ्या मुली होत्या, पण लहानपणी पोहायला बाईंकडेच शिकल्यामुळे त्यांचा आवाज चढला की तो अजूनही आपोआप ताठ बसायचा.

"बाई, जुने फोटो आहेत ना, म्हणून जरा व्हायोलिन..."

"फोटो जुने आहेत. त्यातली माणसं ताजी आहेत. कुणी दवाखाना चालवतंय, कुणी विमानं दुरुस्त करतंय. मी स्वतः आत्ता भाजीच्या पिशव्या घेऊन जिने चढून आलेय. तू असे सूर लावलेस तर लोक आमच्या ह्यांना भेटायला येतील, सांत्वनाला."

"येऊ देत," मागून नवऱ्याचा आवाज आला. "चहा टाकतो."

सगळे चौकोन एकदम हसले. व्हायोलिन गेलं.

शिट्टीबाईंना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतंच. शहराच्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर त्यांनी उभी हयात शिकवलं. वडील तिथल्या पंपघरात कामाला होते, त्यामुळे चालायला शिकल्या त्याच काठावर. पुढे गळ्यात शिट्टी आली आणि पोरांनी नाव ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. उलट, दुकानदाराने विचारलं तरी "शिट्टीबाई म्हणून लिहा" असं बिनदिक्कत सांगायच्या. कोण किती पाण्यात आहे हे त्यांना नुसतं बघून कळायचं आणि ही म्हण आपल्याइतकी कुणालाच लागू नाही असं त्या हसत सांगायच्या. "जन्मभर लोकांना पाण्यात पाहिलं," त्या म्हणायच्या, "पण वाईट कुणाचंच चिंतलं नाही."

त्या निवृत्त झाल्या आणि लगेचच तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला. आता नव्या फरश्या, नवी गाळणी लावून तो पुन्हा उघडणार होता. त्या संध्याकाळी काठावर दाखवायला एखादी छोटी फिल्म करून द्या, असं तलावाच्या कमिटीने जुन्या विद्यार्थ्यांना सांगितलं. एका विद्यार्थिनीने ते अंगावर घेतलं. ती दातांची डॉक्टर होती, राहायची भलत्याच शहरात. विद्यार्थीही चारी दिशांना पांगलेले. म्हणून तिने इंटरनेटवर एक सामाईक जागा उघडली. ज्याने त्याने आपले फोटो, व्हिडिओ, गाणी तिथे टाकायची, स्वतःच्या आवाजात आठवण सांगायची आणि रविवारी सकाळी सगळ्यांनी आपापल्या घरी बसून एकाच वेळी ते कापायचं, जोडायचं. इकडे एकाने फोटो सरकवला की तो सगळ्यांच्या पडद्यावर सरकायचा.

बाईंना बोलावलं होतं ते फक्त चेहरे ओळखायला. पण नुसतं काठावर उभं राहून बघणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "हे मागेपुढे कसं करायचं ते मला दाखव," त्या डॉक्टरला म्हणाल्या. डॉक्टरने फोनवर शिकवलं. पहिल्याच दिवशी बाईंच्या हातून विमान दुरुस्त करणाऱ्याची अख्खी आठवण पुसली गेली.

"गेली! आता?"

"उलटा बाण दाबा, बाई. परत येते."

बाण दाबला, आठवण परत आली. बाई खूश झाल्या. "हे पाण्यापेक्षा सोपं आहे," त्यांनी जाहीर केलं आणि काही रविवारांतच फिल्मचा ताबा घेतला. कुणाची आठवण लांबली की तोंडानेच शिट्टी वाजवायच्या. नवरा शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसायचा, पण त्याचं पान काही उलटत नसे.

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. "एवढ्या फोटोंत तू कुठेच नाहीस गं."

बाईंनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. खरंच. प्रत्येक पोराच्या पोटाखाली एक पंजा होता. कुठे ओल्या केसांचा मागचा भाग, कुठे कोपर.

"आहे की," त्या म्हणाल्या. "तो हात काय तुमचा आहे?"

अशातच एका रविवारी सामाईक जागेत एक व्हिडिओ येऊन पडलेला दिसला. सोबत कुणी आठवण सांगितलेली नव्हती. फाइलवर नुसतं लिहिलेलं: तरंगणं.

डॉक्टरने तो सगळ्यांसमोर लावला. पिवळी टोपी घातलेली एक किडकिडीत मुलगी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. मोबाइल तिच्या आईने धरला होता, चित्र हलत होतं. "घाबरू नकोस, बाई आहेत ना," असं ती मागून म्हणत होती. शिट्टीबाईंचा पंजा मुलीच्या पाठीखाली गेला. मुलगी आडवी झाली, श्वास रोखून आकाशाकडे बघत राहिली. मग पंजा हळूच निघाला. मुलीला ते आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती इतक्या जोरात हसली की नाकात पाणी गेलं, खोकत खोकत उभी राहिली आणि म्हणाली, "अजून एकदा!"

तिथे चित्र एकदम खाली कलंडलं. आईने मोबाइल बहुतेक बाकावर टेकवला होता. पुढे बराच वेळ फक्त ओली फरशी आणि दोन लहान ओले पाय दिसत राहिले. आवाज तेवढे येत होते. टॉवेलचे, "नीट उभी राहा"चे, "आई, कान दुखतोय, हळू"चे.

मुलगी कोण ते बाईंनी लगेच ओळखलं आणि सगळ्यांना सांगितलं. तिला पोहायला कधी आलंच नाही. तरंगायला शिकली आणि महिन्याभरात रक्ताचा आजार निघाला. पुढचा उन्हाळा तिने पाहिला नाही. बाई त्या घरी जाऊन आल्या होत्या. नंतर आई शहर सोडून भावाकडे गेली आणि दुवा तुटला.

"बाई," डॉक्टर अखेर म्हणाली, "हा घालायचा का आपण?"

"का नाही घालायचा?"

"कार्यक्रम आनंदाचा आहे. नवी मुलं नाव घालायला येणार, आईवडील आधीच धास्तावलेले असतात. तलावाच्या फिल्ममध्ये गेलेली मुलगी दाखवली तर लोकांना वाटेल, इथेच काही झालं होतं."

मुद्दा बिनतोड होता. बाईंना तो पटला, आणि पटला म्हणूनच त्यांना राग आला. "मला तिच्या आईचा नंबर शोधून दे," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारी त्यांनी फोन लावला. पलीकडचा आवाज त्यांनी कल्पना केली होती त्याहून शांत होता.

"बाई, तो काढून टाका. सगळ्यांचं बघून मीही पाठवला. पाठवल्यावर वाटलं, उगाच."

"मी नाही काढणार," शिट्टीबाई म्हणाल्या. "तुम्हाला काढायचा असेल तर रविवारी या आणि तुमच्या हाताने काढा."

"मला त्यातलं काही येत नाही."

"मलाही येत नव्हतं. तुम्ही कॅमेरा लावू नका, बोलू नका. काठावर बसा नुसत्या."

"काठावर बसून कुणी पोहायला शिकतं का, बाई?"

"कुणी नाही. पण सुरुवात सगळे तिथूनच करतात."

रविवारी एक काळा चौकोन वाढला. बाईंनी त्याची ओळख करून दिली नाही आणि कुणी विचारलंही नाही. नेहमीसारखं काम सुरू झालं. विमानवाल्याची आठवण फोटोंना जोडली, एक जुनी शर्यत कापून छोटी केली, त्यात तिसऱ्या आलेल्या डॉक्टरने पहिल्या आलेल्या मुलीचा चेहरा दिसू नये म्हणून फोटो कसा सरकवला होता ते सापडलं, त्यावरून हशा झाला. काळा चौकोन गप्प होता. पण गेला नव्हता.

मग बाईंनीच तरंगणाऱ्या मुलीचा व्हिडिओ पुढे ओढला.

कीबोर्डवाल्याने घसा साफ केला. "मी एक छोटीशी धून केलीय. फार नाही, अगदी हलकी. लावू?"

त्याने लावली. धून चांगली होती. पंजा निघाला त्या जागी एक सूर अलगद वर चढत होता. बाईंना ती आवडली आणि त्या तसं म्हणणार तोच काळ्या चौकोनातून आवाज आला.

"संगीत नको."

कीबोर्डवाल्याने धून थांबवली.

"तुमची धून छान आहे, दादा. राग मानू नका. पण मी हा व्हिडिओ पुष्कळ वेळा ऐकलाय. बघते त्यापेक्षा ऐकते जास्त. कान पाण्याखाली गेले की तिला सगळं बंद व्हायचं, नुसतं पाणी ऐकू यायचं. ते तिला फार आवडायचं. घरी बादलीत कान बुडवून बसायची. तिथे पाण्याचाच आवाज राहू द्या."

कीबोर्डवाल्याने मान डोलावली. त्याने धून उचलून बाजूला ठेवली. उलट मागचा गोंगाट थोडा दाबून पाण्याचा आवाज वर आणला. हेडफोन लावलेल्या प्रत्येकाच्या कानाशी तलाव हलकेच डचमळला.

"आणि 'अजून एकदा' म्हणते तिथे थांबवू या," डॉक्टर म्हणाली. "पुढे तर फरशीच दिसतेय."

"नाही."

आता आवाजात काठावरचं काही उरलं नव्हतं.

"पुढचं ठेवा. फरशी दिसते, मला माहीत आहे. पण व्हिडिओभर मी मोबाइल धरून उभी आहे. तिथे मी तो खाली ठेवलाय आणि तिचं डोकं पुसतेय. माझं त्यात काही असेल तर तेवढंच आहे."

डॉक्टरने शिट्टीबाईंकडे पाहिलं. म्हणजे सगळ्यांनीच पाहिलं असणार, चौकोनात बसलेल्यांची नजर कुणाकडे आहे ते कळत नाही. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"फरशी राहील," शिट्टीबाई म्हणाल्या. "लोकांच्या मनात काय येईल त्याचं काय करायचं ते सांगा."

"काय यायचंय?" आई म्हणाली. "ती गेली असं कुठे लिहूच नका. फिल्ममध्ये ती तरंगतेय. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. ज्याला नाही, त्याने तरंगणारी मुलगी बघावी."

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "हे मला सुचायला हवं होतं," ती हळूच म्हणाली.

"तुला कसं सुचेल गं," शिट्टीबाई म्हणाल्या. "चला, पुढे."

त्यानंतर आई दर रविवारी येऊ लागली. चौकोन काळाच असायचा, पण त्यातून सूचना यायच्या आणि त्या बहुधा बरोबर असायच्या. "हा फोटो जरा जास्त वेळ ठेवा, मागची माणसं बघायला वेळ लागतो." एकदा तिने आणि कीबोर्डवाल्याने मिळून सगळी सुरुवातच बदलली. फोटोंआधी रिकाम्या तलावात पाणी सोडल्याचा आवाज ठेवला. शिट्टीबाईंना विचारलंसुद्धा नाही. बाईंनी ऐकलं, क्षणभर तोंड फुगवलं आणि म्हणाल्या, "माझ्या पंपाचा आवाज आहे हा. राहू दे."

शेवटच्या रविवारी नावं घालायची होती. संगीत कुणाचं, जोडणी कुणाची, आवाज कुणाकुणाचे. डॉक्टर एकेक टाइप करत होती.

"शिट्टीबाईंचं काय लिहू?"

"शिट्टी," नवरा म्हणाला.

तेच ठरलं.

"आणि तुमचं?" डॉक्टरने काळ्या चौकोनाला विचारलं. "चित्रण म्हणू? नाव पूर्ण घालू ना?"

"नाव नको," आई म्हणाली. "तिची आई, एवढंच लिहा."

तलाव उघडला त्या संध्याकाळी काठावर पांढरा पडदा बांधला होता आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे लोक नव्या फरशीवर बसले होते. डॉक्टर प्रवास करून आली होती, कीबोर्डवाला मुलींना घेऊन आला होता. दिवे लावण्या-विझवण्याचं काम शिट्टीबाईंनी नवऱ्याकडे दिलं होतं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवला होता, पडदा त्यांना घरी दिसावा म्हणून. बाई मुद्दाम त्याच्याजवळ उभ्या राहिल्या.

फिल्म लागली. लोक हसले, स्वतःला ओळखून ओरडले, शर्यतीला शिट्ट्या पडल्या. मग पिवळी टोपी आली आणि पाण्याचा आवाज. पंजा निघाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने वडिलांचा हात धरून विचारलं, "मला पण येईल असं?" वडील "येईल की" म्हणाले. त्यानंतर फरशी दिसली, ओले पाय दिसले, टॉवेलचे आवाज आले, आणि कुणी खुर्चीत चुळबुळलं नाही.

शेवटी नावं वर सरकली. सगळ्यांत खाली "तिची आई" आलं, थोडा वेळ थांबलं आणि गेलं. टाळ्या सुरू झाल्या. नवऱ्याचा हात बटणावर होता, पण त्याने दिवे लगेच लावले नाहीत.

शिट्टीबाईंनी लॅपटॉपकडे वळून पाहिलं. तो एक चौकोन आता काळा नव्हता. खिडकीशी एक बाई बसली होती, केस नीट विंचरून, ठेवणीतले कपडे घालून, कुठेतरी समारंभाला जाऊन पुढच्या रांगेत बसावं तशी. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. पलीकडे तिच्या पडद्यावर अजून तलाव दिसत असणार, ती त्याच्याकडे बघत टाळ्या वाजवत होती.