फुकटचा फेस

टीव्हीवरच्या मिठाईच्या स्पर्धेत रिंदालाने डोळे पुसले आणि सांगितलं, "नातेफ मला कुणीच शिकवला नाही. संत मार इलियास स्वप्नात आले. हातात तलवार होती. तलवारीच्या टोकाने त्यांनी मला मूळ दाखवलं."

परीक्षक उठून उभे राहिले. पडद्याच्या तळाशी मतांचा आकडा धावत सुटला. आमच्या स्वयंपाकघरात आई पिस्ते सोलत होती. तिचा हात थांबला, एवढंच.

नातेफ म्हणजे कराबीज बिस्किटांबरोबर खायचा पांढराशुभ्र गोड फेस. त्यात अंडं नसतं. शिर्श नावाचं मूळ उकळतात आणि ते तपकिरी पाणी घोटत राहतात. मुळातली सॅपोनिनं हवा धरून ठेवतात, हे मला विद्यापीठात कळलं. पहिलं पाणी ओतून द्यायचं, नाहीतर फेस कडू होतो, हे आईने शिकवलं. मला आणि रिंदालाला, एकाच चुलीपाशी. रिंदाला चार वर्षं आमच्या मिठाईच्या दुकानात कामाला होती. तिची आई आजारी पडली तेव्हा ती माझ्याच खोलीत झोपायची.

स्पर्धेचं बक्षीस होतं मिठाईचं सजवलेलं दुकान. जागा स्पर्धकानेच निवडायची होती. रिंदालाने आमच्या दुकानासमोरची निवडली.

"आई, अंतिम फेरीत मी तिच्या भांड्याला आतून तेल लावते," मी म्हणाले. "थेंबभर पुरे. फेस उभाच राहणार नाही. सगळ्या देशासमोर तोंडावर पडेल."

"आणि मग ती रडेल. लोक तिला जवळ घेतील. नको."

"मग काय हवंय तुला?"

"ती जिंकायला हवी."

पदर खोचल्यासारखा स्कार्फ आवळून आई चर्चमध्ये गेली. परत आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस? सूड?"

"माझ्या हातात माइक यावा, एवढं मागितलं."

चर्चच्या दाराशी मार इलियासचा पुतळा आहे. तलवार वर उगारलेली, पायाखाली खोट्या देवाचा पुजारी. आमच्या कूरा भागात त्यांच्या नावाने कुणी खोटं बोलत नाही. खोटं बोलायचंच असेल तर लोक दुसरा संत निवडतात. रिंदालाला हे माहीत होतं. पण कॅमेऱ्याला तलवार आवडते, हेही तिला कळलं होतं.

स्वप्नाचं गाव म्हणून चॅनलने अंतिम फेरी त्याच चर्चच्या अंगणात ठेवली. सगळं गाव खुर्च्यांवर. फेस इतका सुरेख उभा राहिला की मलाही नावं ठेवता येईनात. रिंदाला जिंकली. निवेदक माइक घेऊन गर्दीत शिरला. "शेजाऱ्यांपैकी कुणी बोलणार?"

आई उठली. रिंदालाचा चेहरा पिठासारखा झाला.

"मी अफदोकिया. ही माझ्या दुकानात होती," आई म्हणाली. "साक्ष देते. नातेफ मी हिला शिकवला नाही. मार इलियासांनीच शिकवला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. रिंदाला धावत येऊन आईच्या गळ्यात पडली. "मावशी, मावशी!"

आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. माइक सोडला नाही. "अबूना मेत्री, एक विचारू? संताने हातात दिलेली वस्तू विकता येते का?"

पाद्री अबूना पहिल्याच रांगेत होते. "विकायची? अगं, ती बरकत आहे, संताचा आशीर्वाद! बरकतीचा भाव असतो का?"

"मग आजपासून नातेफ संताचा. मीही विकणार नाही. पोरी, तू फुकट वाटशील ना?"

सगळे कॅमेरे वळले. रिंदालाने ओठ हलवले. "वाटेन," ती म्हणाली.

घरी येताना मी रागावले. "आपलं निम्मं दुकान नातेफवर चालायचं, आई!"

"ठाऊक आहे मला."

आम्ही आता कोरडी कराबीज विकतो. जेमतेम भागतं. समोर झुंबरं लावलेल्या दुकानाबाहेर लोक वाट्या घेऊन उभे राहतात. गुडघे दुखणारे येतात, लग्न न जमलेले येतात, तापाच्या पोरांना कडेवर घेऊन बाया येतात. गल्ल्याकडे कुणी बघत नाही. रिंदालाने एकदा किमतीची पाटी लावली होती. एका म्हातारीने ती काठीने पाडली आणि पाटीवर थुंकली.

मार इलियासच्या सणाआधी रिंदाला आमच्या मागच्या दाराशी आली. घोटून सुजलेल्या मनगटाला फडकं बांधलेलं.

"मावशी, एकदाच सांगा की तुम्ही शिकवलंत. मला मोठेपणा मिळावा म्हणून तेव्हा तसं बोललात, असं सांगा."

"मी साक्ष दिलीय. ती फिरवू? त्या तलवारीखाली?" आईने पीठ मळणं सोडलं नाही. "तू सांग. चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर. कुणाच्या चुलीवर शिकलीस ते."

"लोक मला गावात राहू देतील का?"

"मग घोट."

"तुमचंही नुकसान होतंय ना!"

"होतंय," आई म्हणाली. "पण मला झोप छान लागते. स्वप्नं पडत नाहीत."

सणाच्या दिवशी आईने कपाटातली सगळ्यात मोठी काचेची वाटी काढली आणि उन्हात रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर वाटी पुढे धरली. रिंदालाने मान वर न करता फेस वाढला. आईने बोटाने चाटून पाहिला. मागची माणसं थांबली.

"पहिलं पाणी ओतून दिलं नाहीस," ती फक्त रिंदालाला ऐकू जाईल असं म्हणाली. मग वाटी पुन्हा पुढे केली, आवाज चढवला. "अजून घाल गं. फुकटच आहे ना!"